लाल बावटा कलापथक आणि आमच्याकडे आलेली मैना

गेल्या वर्षी पोळ्याला माझा एक जुना विद्यार्थी गावी आला होता. शाळेत असताना तो बाकावर पेन्सिलीने ताल धरायचा आणि त्यासाठी माझ्या हातची छडीही खायचा. आता नागपुरात नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी गिटार वाजवतो. पाया पडून झाल्यावर त्याने मोबाइल पुढे केला, माझ्या कानांत ती दोन बोंडे खोचली आणि म्हणाला, "सर, आमचा बँड ऐका." मी दोन मिनिटे ऐकले. टिनाच्या छपरावर गारपीट व्हावी, त्यातच पिठाच्या चक्कीचा पट्टा घसरावा आणि कोणीतरी विहिरीत उतरून ओरडावे, असा तो एकूण प्रकार होता. मी बोंडे काढून ठेवली. त्याला माझा चेहरा पाहून हसू आले. "सर, याला नॉइज रॉक म्हणतात. आमचा अंडरग्राउंड बँड आहे."

"अंडरग्राउंड म्हणजे? पोलीस मागं लागले काय रे?"

"नाही सर. म्हणजे कोणती कंपनी आमची गाणी काढत नाही. एखाद्या तळघरात चाळीस-पन्नास पोरं जमतात, तिथं वाजवतो."

मग त्याने मला या प्रकाराची कुळकथा सांगितली. शिक्षकाला विद्यार्थ्याकडून शिकण्यात कमीपणा वाटू नये. १९६०च्या दशकात न्यूयॉर्क शहरात 'व्हेल्वेट अंडरग्राउंड' नावाची एक मंडळी होती. त्यांच्या वाटेने पुढे गेलेली 'सॉनिक यूथ' ही मंडळी १९८१ साली जमली आणि २०११ पर्यंत टिकली. गिटारीच्या तारा नेहमीच्या स्वरांत न लावता भलत्याच स्वरांत लावायच्या, तारांखाली स्क्रू-ड्रायव्हर खुपसून वाजवायचे, यंत्रातून निघणारी किंकाळी थांबवण्याऐवजी तिलाच गाण्यात बसवायचे, ही त्यांची रीत. आपण ज्याला बेसूर म्हणून टाकून देतो त्याचेच त्यांनी हत्यार केले, एवढे माझ्या लक्षात आले. आवडले म्हणावे, तर तसे मात्र नाही.

तो गेल्यावर 'भूमिगत' हा शब्द माझ्या डोक्यात घोळत राहिला. मी इतिहासाचा एम.ए. आहे. मला भूमिगत म्हटले की वॉरंट आठवते, रात्रीतून बदललेला मुक्काम आठवतो. आणि आपल्या मराठीतही असे एक वाजवणारे-गाणारे पथक खरोखरच होऊन गेले, की ज्याच्या गाण्याला भल्याभल्यांनी नुसता गोंगाट म्हटले आणि ज्याच्यावर सरकारने बंदी घातली. ते पथक म्हणजे लाल बावटा कलापथक. त्याची हकीकत लिहिण्याचे दुसरेही एक कारण आहे. त्या पथकाचे एक गाणे आमच्या घरी येऊन राहिले होते. ते कसे आले नि त्याचे काय झाले, हे आमच्या या सौसर-पांढुर्ण्याच्या मराठी घरांशी संबंधित आहे. म्हणून वाचकहो, थोडे मागे चलावे लागेल.

या पथकातली तीन माणसे मुख्य. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. अण्णाभाऊ १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगावी मातंग कुटुंबात जन्मले. नाव तुकाराम. शाळेशी संबंध जेमतेम दीड दिवसाचा, असे सांगतात. दुष्काळाने नि दारिद्र्याने गांजलेले हे कुटुंब पायी चालत मुंबईला गेले. तिथे अण्णाभाऊंनी हमाली केली, हॉटेलात भांडी घासली, गिरणीत काम केले, आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरओळख करून घेतली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहत असता तिथल्या डासांवर त्यांनी एक पोवाडा रचला, ती त्यांची पहिली रचना म्हणतात. ज्याला डास चावतात त्यालाच डासांवर पोवाडा सुचतो. नंतर १९४३ साली त्यांनी 'स्टालिनग्राडचा पोवाडा' लिहिला. जिने कधी रशियाचा नकाशाही पाहिला नव्हता अशी कामगारवस्ती व्होल्गाकाठच्या त्या शहराच्या लढाईचे वर्णन पोवाड्यातून ऐकत होती. व्होल्गा आणि वारणा यांमधले अंतर डफाने असे मिटवले.

अमर शेख हे बार्शीचे. जन्म २० ऑक्टोबर १९१६. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबी जात्यावर ओव्या गायची, तेच त्यांचे पहिले गायनशिक्षण. मोटारीवर क्लीनर म्हणून राबले, गिरणीत राबले, स्वातंत्र्यचळवळीत पडून विसापूरचा तुरुंग पाहिला, कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या स्टुडिओतही काही काळ काढला. मुसलमान घरातला हा मुलगा मराठी शाहिरीचा सर्वांत बुलंद आवाज झाला. ध्वनिक्षेपक बंद पडला तरी त्यांचे गाणे बंद पडत नसे. आचार्य अत्र्यांनी त्यांना 'महाराष्ट्राचे मायकोव्हस्की' म्हटले होते. त्यांची स्वतःची कविताही होती. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे संग्रह ज्यांना फक्त सभेतले अमर शेख ठाऊक आहेत त्यांनी जरूर पाहावेत. गव्हाणकर स्वतः कवी, रचनाकार आणि गायकही. तिघांच्या नावांत त्यांचे नाव नेहमी शेवटी घेतले जाते आणि पुष्कळदा राहूनच जाते. मी निदान इथे ते राहू देणार नाही.

पथक स्थापन झाले ते १९४४ साली, कम्युनिस्ट पक्षाच्या प्रेरणेने. आदल्याच वर्षी मुंबईत 'इप्टा' म्हणजे भारतीय जननाट्य संघ उभा राहिला होता. बंगालच्या दुष्काळात माणसे रस्त्यावर मरत होती आणि देशभर कलावंत त्यांच्यासाठी गाऊन-नाचून मदत गोळा करीत होते. अण्णाभाऊंनीही बंगालची हाक पोवाड्यातून मराठी मुलखात पोचवली. पण इप्टाच्या पुष्कळ मंडळींना इंग्रजी-हिंदीचा शहरी वास होता. लाल बावट्याच्या मंडळींनी तमाशा उचलला, आणि माझ्या मते त्यांचे सगळ्यांत मोठे कर्तृत्व हेच.

तमाशाचा साचा आपल्याला ठाऊक आहे. आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. अण्णाभाऊंनी हा साचा फेकून दिला नाही. त्यांनी आतला माल बदलला. गणात गणपतीऐवजी मायभूमीला, हुतात्म्यांना आणि राबणाऱ्या माणसाला नमन आले. राधा-कृष्णाची गवळण गेली. सोंगाड्या मात्र ठेवला, कारण सोंगाड्याशिवाय खेडुताला सत्य पचत नाही. राजाच्या जागी सावकार, शेटजी, काळाबाजारवाला आणि निवडणुकीला उभा राहिलेला पुढारी आले. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजीचे इलेक्शन', 'बेकायदेशीर' ही नावे वाचली तरी आत काय असेल ते कळते. शाहीर पुढे डफ घेऊन उभा, मागे झीलकरी, तुणतुणे, मंजिरी, ढोलकी. शाहिराने चौक टाकावा आणि झीलकऱ्यांनी तो छपरापर्यंत नेऊन पोचवावा. पडदा नको, रंगपट नको. चार बाकडी जोडली की रंगमंच झाला. चाळीच्या पटांगणात, गिरणीच्या फाटकाशी, शेतकरी परिषदेच्या मांडवात प्रयोग होत.

हे सगळे एकाएकी आकाशातून पडले नव्हते. महात्मा फुल्यांच्या अनुयायांनी सत्यशोधक जलसे काढले होते, पुढे आंबेडकरी जलसे आले. आमच्या विदर्भात तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर असाच गाव जागवला होता, आणि तोही मराठी नि हिंदी या दोन्ही भाषांत. म्हणून आमच्या दुभाषी मुलखात त्यांची भजने दोन्हीकडच्या घरांत सारखीच गेली. १९४२ साली इंग्रज सरकारने त्यांना पकडून तुरुंगात टाकले, ते उगाच नव्हे. सरकारला बंदुकीचा आवाज ओळखीचा असतो. खंजिरीच्या आवाजाने त्याला घाबरल्यासारखे होते.

आता बंदीचे पाहू. नाटकावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला १८७६च्या नाट्यप्रयोग कायद्याने मिळालेला होता. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९१० साली त्याच कायद्याखाली बंद पडले. त्यात इंग्रजांना द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान नि कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन दिसला होता, आणि तो त्यांना बरोबर दिसला होता! स्वराज्य आल्यावर हे संपेल असे कलावंतांना वाटले असल्यास नवल नाही. पण मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ होते आणि गृहखाते मोरारजी देसायांकडे होते. १९४८च्या सुमारास सरकारने अश्लीलतेचे कारण देऊन तमाशावर बंदी आणली. या एका हुकमाने फडांवर पोट असलेले कितीतरी कलावंत रस्त्यावर आले. त्याच वर्षी कम्युनिस्ट पक्षाने कलकत्त्याच्या अधिवेशनात सरकारविरुद्ध उघड लढ्याचा पवित्रा घेतला आणि त्याचीही धरपकड सुरू झाली. लाल बावटा कलापथक दोन्ही अंगांनी सापडले. तमाशा म्हणून बंद, आणि लाल म्हणूनही बंद.

इथे मला तटस्थपणे दोन शब्द लिहिले पाहिजेत. त्या काळी पक्षाचा तो मार्ग चुकीचा होता असे पुढे पक्षानेच ठरवले. मी स्वतः त्या विचाराचा नाही, माझ्या घरी गीता आणि ग्रामगीता दोन्ही आहेत. सरकारपुढेही अडचणी होत्या. परंतु फडावरच्या बाईची ढोलकी बंद करून राज्य कसे सावरते, हे मला इतिहासाची पुस्तके शिकवून इतकी वर्षे झाली तरी उमगलेले नाही.

अण्णाभाऊंना भूमिगत व्हावे लागले. पण गाणे भूमिगत कसे होणार? त्यांनी एक साधी युक्ती केली. बंदी 'तमाशा'वर होती, तर तमाशाला 'लोकनाट्य' म्हणायचे. तोच सोंगाड्या, तीच ढोलकी, फक्त पाटी नवी. आज सरकारी महोत्सवात, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आपण लोकनाट्य हा शब्द किती प्रतिष्ठेने वापरतो! तो रुजण्यामागे अशी पोलिसांना हुलकावणी देण्याची गरज होती, हे मुलांना सांगितले म्हणजे त्यांचे डोळे चमकतात. पुढे सरकारने बंदी सैल केली, पण संहिता आधी तपासून घेण्याची अट घातली. १९५४ पासून त्यासाठी परिनिरीक्षण मंडळच आले.

या कलापथकाचे भरातले दिवस मोजले तर फार नाहीत. १९४४ ते १९४८ ही चार वर्षे, त्यानंतर बंदीचा काळ, आणि मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा. न्यूयॉर्कच्या त्या मंडळींना तीस वर्षे मिळाली. यांना एवढेच. पण शेवटच्या टप्प्यात त्यांचा डफ जो वाजला, तो मुंबई इलाख्याची हद्द ओलांडून आमच्यापर्यंत आला.

१९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर, म्हणजे आमच्या नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक. १९५५च्या ऑक्टोबरात राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात मुंबई मराठी माणसाला नव्हती आणि विदर्भ वेगळा होता. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा झाला. शंभरावर माणसे हुतात्मा झाली. आता मुख्यमंत्री मोरारजी देसाईच होते. ६ फेब्रुवारी १९५६ला संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि अत्रे, डांगे, एसेम जोशी एका व्यासपीठावर आले. भाषणांच्या आधी शाहीर गात. अमर शेख, गव्हाणकर, आत्माराम पाटील अशा शाहिरांनी सभा तापवून द्यायच्या आणि मग वक्त्यांनी उभे राहायचे. कित्येक लोक शाहीर ऐकायलाच येत आणि भाषणे पदरात पडली तर घेत.

याच काळात अण्णाभाऊंनी 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड लिहिली. पोटासाठी मुंबईला आलेल्या एका गरिबाची ही विरहकथा. बायको गावी राहिली, तिच्या आठवणीने तो झुरतो आहे. आधी वाटते नेहमीची लावणी आहे. पण गाणे पुढे सरकते तशी मैना हळूहळू बदलू लागते आणि महाराष्ट्रापासून तुटून राहिलेला मुलूख हीच ती मैना, हे ऐकणाऱ्याच्या ध्यानात येते. त्या मुलखाची नावेही गाण्यात येतात: बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव.

सौसर नाही. पांढुर्णा नाही. मुलताई नाही.

माझे मोठे वडील १९५४ साली, वयाच्या विसाव्या वर्षी मुंबईला गेले. आमच्या तिगावची माणसे सहसा नागपूरच्या गिरण्यांत जात. गाडीत बसले की नागपूर शंभरेक किलोमीटर. पण त्यांचे कोणाशी तरी भांडण झाले आणि ते रागाने लांबची गाडी धरून लालबागला पोचले. लग्न आदल्याच वर्षी झाले होते. मोठी आई तिगावलाच राहिली. तेव्हा ते गाणे शिवाजी पार्कवर ऐकताना त्यांना काय झाले असेल, याची कल्पना करता येते. सात वर्षांनी, १९६१ला, छातीच्या दुखण्याने ते परत आले. सोबत एक पत्र्याची पेटी, एक डफ आणि डोक्यात ते गाणे. ते अमर शेखांचेच, असे ते शेवटपर्यंत सांगत. कारण सभेत लोक आवाजाला ओळखतात, रचणाऱ्याचे नाव सांगायला कोणी थांबत नाही. मी मोठा झाल्यावर त्यांना पुस्तक दाखवून अण्णाभाऊंचे नाव दाखवले. ते म्हणाले, "असन. पण म्या ज्याच्या तोंडून आयकलं त्याचंच म्हणन."

लहानपणी आम्ही ते गाणे पोळ्याच्या रात्री गोठ्यापुढे ऐकत असू. बैलांचे साज उतरलेले, कंदील खुंटीला, आणि मोठे वडील डफ शेकून घेत. बाहेर दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीच्या गप्पा चाललेल्या. मैना म्हणजे मोठी आई असेच आम्ही समजत होतो आणि ती पदराआड हसत असे. मी नववीत असताना प्रथम त्यांना विचारले की गाण्यात बेळगाव आहे, कारवार आहे, मग आपले नाव काहून नाही? त्यांनी डफ खाली ठेवला. "आपल्यासाठी कोणी भांडलंच नाही ना बाप्पा. आपण गपचूप राहिलो."

हे उत्तर माझ्या मनात फार दिवस राहिले. पुढे इतिहास वाचताना कळले की ते अर्धेच खरे आहे. १९५६ पर्यंत आपण मध्यप्रदेशातच होतो, पण त्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. कचेरी नागपूर, हायकोर्ट नागपूर, बाजार नागपूर. मराठी माणसाला परके वाटण्याचे कारणच नव्हते. शिवाय विदर्भात बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखे वजनदार पुढारी वेगळ्या विदर्भासाठी झटत होते, मुंबईसारखी एकमुखी चळवळ इथे नव्हती. आणि आयोगाने सर्वसाधारणपणे जिल्हा हा घटक धरला. जिल्ह्याचे तुकडे करायला तो नाखूष होता. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ असे आठ मराठी जिल्हे एकीकडे गेले. आमची सौसर तहसील मराठी असली तरी छिंदवाडा जिल्हा एकंदरीने हिंदी, म्हणून ती जिल्ह्याबरोबर राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि आमची राजधानी एका रात्रीत भोपाळला गेली. कोणी वैर धरले असे नाही. हिशेब जिल्ह्यांचा होता, तहसिलीचा नव्हता. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. तो हिशेबाच्या दिवशी जिल्हा असता तर, असा विचार मनात येतो. पण इतिहासात 'असता तर'ला गुण देत नाहीत, हे मीच मुलांना सांगत आलो आहे.

आता एक गोष्ट सांगायची आहे ती माझ्याबद्दलची. १९९६ साली मी नवखा शिक्षक होतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात सहा मुलांकडून 'मैना' बसवली. मोठे वडील रोज संध्याकाळी येऊन मुलांना डफ धरायला शिकवीत. शाळेचे नाव लिहीत नाही, ती या भागातली एक शाळा, एवढेच. संमेलनाच्या आदल्या दिवशी मला बोलावून सांगण्यात आले की हे दुसऱ्या राज्याचे गाणे आहे, त्यात राजकारण आहे, वरचे पाहुणे येणार आहेत, तेव्हा ते वगळावे. माझी नोकरी कायम व्हायची होती. मी 'ठीक आहे' म्हणून बाहेर आलो. मुलांना एक समूहगीत दिले. मोठे वडील दुसऱ्या दिवशी पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत येऊन बसले. त्यांना कळवायचे मी टाळले होते. कार्यक्रम संपला तरी ते काही बोलले नाहीत. घरी जाताना फक्त म्हणाले, "मोरारजी इथंही आला वाट्टे." मी हसलो. ते हसले नव्हते.

तीन वर्षांनी ते गेले. आज मुख्याध्यापक झाल्यावर 'तेव्हा माझा नाइलाज होता' असे म्हणणे सोपे आहे. पण अण्णाभाऊंवर वॉरंट होते आणि त्यांनी पाटी बदलून तेच गाणे पुढे चालू ठेवले. माझ्यावर कसलेही वॉरंट नव्हते. 'लोकनाट्य' म्हणण्याएवढी युक्तीही मला सुचली नाही.

कलापथकाचा शेवट लवकर सांगून टाकतो, कारण तो कष्टी करणारा आहे. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव, कारवार, डांग राहिले, आम्ही तर यादीतच नव्हतो. तिघे आपापल्या वाटेने गेले होते. अण्णाभाऊंची 'फकिरा' कादंबरी १९५९ साली आली, तिला १९६१ साली राज्य पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि त्यावर पुस्तक लिहिले. ज्या देशातल्या शहरावर अठरा वर्षांपूर्वी पोवाडा रचला होता, तो देश त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पण घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडी काही फार दूर राहिली नाही. १८ जुलै १९६९ला दारिद्र्यातच ते वारले. त्यानंतर अवघ्या बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख मोटार अपघातात गेले. त्यांची कन्या मल्लिका अमर शेख हिने पुढे कवयित्री म्हणून आणि 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या आत्मकथनाने नाव केले. १९८२च्या संपानंतर गिरण्याही एकेक करून मिटल्या, म्हणजे ऐकणारेही गेले. अण्णाभाऊंचे टपाल तिकीट २००२ साली निघाले, २०२२ साली मॉस्कोत पुतळा बसला. बंदीपासून पुतळ्यापर्यंत चौऱ्याहत्तर वर्षे लागली.

पोळ्याला आलेल्या त्या विद्यार्थ्याला मी हे सगळे थोडक्यात सांगितले. खरे तर मला त्याला जरा गप्प करायचे होते. पण तो उलट सरसावून बसला. म्हणाला, "सर, ते गाणं तुम्हाला येते?" मला गाता येत नाही. पण मोठ्या वडिलांचा पाठ येतो, आणि तो छापील गाण्यापेक्षा वेगळा आहे. मी नववीत तो प्रश्न विचारला त्याच्या पुढच्या पोळ्याला त्यांनी गाण्यात जिथे मुलखांची नावे येतात तिथे आमची नावे घातली होती. कोणाला न विचारता. तेव्हापासून आमच्या गोठ्यापुढे ते तसेच गायले जात असे. मुद्रित प्रतीशी ते जुळत नाही म्हणून मी एम.ए. झाल्यावर त्यांना एकदा टोकलेही होते. किती शहाणपणा!

माळ्यावरून डफ काढला. कातडे सैल झाले होते, ते चुलीवर शेकावे लागले. मी पाठ म्हटला, त्याने मोबाइलवर तो घेतला. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीकाठी गोटमार चालू असताना हा पठ्ठ्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात गिटार घेऊन बसला होता. दिवाळीआधी त्याचा फोन आला. तळघरात ते गाणे वाजवले म्हणे. ऐकणाऱ्यांत अर्धी मुले हिंदी बोलणारी होती, पण झील सगळ्यांनी धरली. माझी एक शंका होती, ती मी विचारली नाही. ज्याच्या कानात गारपीट असते त्याला मैनेचा विरह कळतो का, ते त्याचे तो पाहील.

अडचण त्याचीच एक होती. "सर, सौसर बसते, पांढुर्णा बसते. मुलताई म्हटलं की ताल चुकते. आजोबा कसे म्हणायचे?"

मी सांगितले की मोठे वडील तिथे डफ थांबवायचे. मुलताई नुसती तोंडाने म्हणायचे आणि मग पुन्हा थाप द्यायचे.